विरुद्ध मताचं माणूस ऑनलाइन कुठे भेटेल?

या महिन्यात तीन पत्रं निवडली आहेत. तिघांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात विचारलेल्यापेक्षा जास्त काही आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सुदामा नगरात राहतो. विमा कंपनीतून निवृत्त झालो. पूर्वी उन्हाळ्यात अभ्यास मंडळाची व्याख्यानमाला चुकवत नसे. वक्ता पटला नाही तरी शेवटपर्यंत बसायचो आणि बाहेर येऊन चहाच्या गाडीवर वाद घालायचो. आता आई अंथरुणाला खिळली आहे, संध्याकाळी घर सोडता येत नाही. जगाशी संबंध फोनपुरता. आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या निवडणुकीत असं काही पेटलं की पुण्याचा पुतण्या ग्रुप सोडून गेला आणि देवासच्या धाकट्या भावाने माझा फोन उचलणं बंद केलं. आता ग्रुपवर फक्त माझ्याच मताचे लोक उरलेत आणि खरं सांगतो, कंटाळा येतो. वेगळ्या मताची माणसं जिथे सभ्यपणे बोलतात असे ऑनलाइन कार्यक्रम असतात म्हणे. ते शोधायचे कुठे? आणि धड कोणता, थोतांड कोणतं, हे ओळखायचं कसं? इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळतो.
(एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : असे कार्यक्रम आहेत आणि त्यातले काही खरोखर चांगले आहेत. पण त्यांतले बहुतेक अमेरिका-युरोपातले, म्हणजे इंग्रजीत आणि त्यांच्या घड्याळाप्रमाणे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी 7 वाजता सुरू होणारी बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे 4.30 ला आणि हिवाळ्यात 5.30 ला येते. त्यांची दुपारी 12 ची असेल तर उन्हाळ्यात आपले रात्रीचे 9.30 वाजतात. जेवणं आणि आईची औषधं आटोपल्यावर ही दुसरी वेळ तुम्हाला जमेल, तेव्हा वेळापत्रकात आधी त्याच बघा.

पहिलं नाव ब्रेव्हर एंजल्स. डिसेंबर 2016 मध्ये, ट्रम्प निवडून आल्याला जेमतेम महिना झाला असताना, ओहायो राज्यातल्या साउथ लेबनन या लहान गावात ट्रम्पचे 10 आणि हिलरी क्लिंटन यांचे 11 समर्थक एकत्र बसवले गेले. तिथून या संस्थेची सुरुवात झाली. बैठकीची आखणी बिल डोहर्टी यांची. हे गृहस्थ मिनेसोटा विद्यापीठातले कुटुंब-समुपदेशक, मोडायला आलेले संसार हा त्यांचा विषय. मला याचं अजिबात नवल वाटलं नाही. मी स्वतः कुटुंब न्यायालयात समुपदेशनाचं काम केलंय. राजकारणावरून तुटलेले दोन भाऊ आणि पोटगीवरून तुटलेलं जोडपं यांच्या बोलण्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघंही समोरच्याचा स्वभाव सांगत बसतात, स्वतःचं काय दुखलं ते कोणी सांगत नाही.

डोहर्टींच्या बैठकीतला एक प्रकार मला फार आवडतो. दोन्ही गट आधी वेगळे बसतात आणि समोरचे लोक आपल्याला काय काय समजतात याची यादी करतात. मग प्रत्येक मुद्द्यापुढे लिहायचं की खरं काय आहे. आणि शेवटी, त्या आरोपात थोडंसं तथ्य कुठे आहे. सगळी गंमत या शेवटच्या रकान्यात आहे. नवऱ्याने आपल्या तोंडाने म्हटलं की ‘ती म्हणते मी हिशेब देत नाही, आणि ते अगदीच खोटं नाही’, तर समोरची बाई खुर्चीत सैल होऊन बसते. हे मी पुष्कळदा पाहिलंय. वकील मंडळींना हा प्रकार मुळीच आवडत नसे, ते असो.

एक अडचण मात्र आहे. नोंदणी करताना तिथे तुम्ही लाल की निळे असं विचारतात. लाल म्हणजे रिपब्लिकन बाजूचे, निळे म्हणजे डेमोक्रॅट बाजूचे. आपण इंदूरकर दोन्हीत बसत नाही. म्हणून आधी ईमेल करून विचारा, की भारतातून नुसतं ऐकायला बसलं तर चालेल का. त्यांचे जाहीर वादविवाद ऐकण्यासारखे असतात, कारण तिथे बोलणारा समोरच्या माणसाला उद्देशून बोलतच नाही. जे म्हणायचं ते अध्यक्षांना, प्रश्नसुद्धा अध्यक्षांमार्फत. दोन माणसांमध्ये तिसऱ्याला ठेवलं की आवाज आपोआप खाली येतो. ज्यांच्या घरी आजीमार्फत भांडणं चालायची त्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसरं, लिव्हिंग रूम कन्व्हर्सेशन्स. 2010 मध्ये जोन ब्लेड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं. इथे गट लहान, पाच-सहा जणांचा. शंभराहून जास्त विषयांच्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तुम्ही वाचू शकता म्हणता, तर पहिलं काम हेच करा, दोन-चार प्रश्नपत्रिका वाचून काढा. ‘आरक्षण असावं की नसावं’ अशा थाटाचा प्रश्न त्यात सापडणार नाही. ‘या विषयाशी तुमचा स्वतःचा संबंध कधी आला’ असं विचारतात. मत सगळ्यांचं पाठ असतं, अनुभव सांगायला माणसाला थांबावं लागतं.

तिसरं नाव ऐकून तुम्हाला बरं वाटेल. ह्यूमन लायब्ररी. 2000 साली डेन्मार्कमध्ये रोस्किल्डच्या संगीत महोत्सवात सुरू झाली आणि भारतातली पहिली भरली ती आपल्या इंदुरात, 2016 मध्ये, राऊच्या टेकडीवरच्या आयआयएममध्ये. इथे पुस्तकाऐवजी माणूस वाचायला मिळतो. ज्याच्याबद्दल समाजात काही ना काही ग्रह असतो असा माणूस, आणि त्याला चार-सहा वाचक मोकळेपणाने प्रश्न विचारतात. हल्ली हे ऑनलाइनही होतं. पक्षाचं राजकारण त्यात कमी, धर्म, आजार, व्यसन, तुरुंग असे विषय जास्त. तुम्हाला सुरुवात करायची तर मी इथूनच करायला सांगेन. बोलायचं कमी, विचारायचं जास्त, त्यामुळे अडखळलात तरी बिघडत नाही.

शोधताना इंग्रजीत ‘ब्रिजिंग डिव्हाइड्स’, ‘सिव्हिल डिस्कोर्स’, ‘डायलॉग अक्रॉस डिफरन्सेस’ असे शब्द टाका आणि पुढे ‘ऑनलाइन इव्हेंट’ जोडा. नुसतं ‘डिबेट’ टाकलंत तर टीव्हीवरची आरडाओरड पदरात पडेल. ‘लिसन फर्स्ट’ नावाच्या आघाडीत अशा शेकडो संस्था आहेत. 2018 पासून त्या ‘नॅशनल वीक ऑफ कन्व्हर्सेशन’ पाळतात. तो बहुधा एप्रिलमध्ये येतो, आणि त्या आठवड्यात बरेच कार्यक्रम एका जागी सापडतात.

आता थोतांड कसं ओळखायचं. ज्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत वक्त्यांचे फोटो मोठे आणि ‘सडेतोड’, ‘आमनेसामने’ असले शब्द असतील तो सोडून द्या, तिथे तुम्ही प्रेक्षक आहात. ज्यात पन्नास माणसं आणि वेळ एक तास, त्यात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येतं, तेव्हा तोही सोडा. बैठक चालवणारा कोण आहे, त्याने त्याचं शिक्षण घेतलंय का, रेकॉर्डिंग होणार आहे का, हे तीन प्रश्न ईमेलने आधी विचारा. धड उत्तर आलं नाही तर जाऊ नका. चांगल्या संस्था बहुधा फुकट घेतात किंवा खुशीची देणगी मागतात. त्यांना तुमचं नाव, ईमेल आणि तुमची बाजू कोणती एवढं लागतं. आधार क्रमांक, ओटीपी किंवा कुठलं तरी अनोळखी अ‍ॅप उतरवून घ्या असं आलं, की फोन खाली ठेवा.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. सँटोरो आणि ब्रुकमन या दोन अमेरिकी संशोधकांनी विरुद्ध पक्षांच्या अनोळखी माणसांना व्हिडिओवर जोडीने बोलायला लावलं. त्यांचा निबंध 2022 मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आला. ज्या जोड्यांना ‘तुमच्या मते झकास दिवस कसा असतो’ एवढंच बोलायला सांगितलं होतं, त्यांची दुसऱ्या पक्षाच्या लोकांबद्दलची अढी बरीच कमी झाली. ज्यांना मतभेदावरच बोलायला लावलं, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. आणि कमी झालेली अढीसुद्धा तीन महिन्यांनी मोजली तेव्हा टिकलेली नव्हती. एकदा जाऊन आलो की झालं, असं हे काम नाही. बागेतल्या फेरीसारखं आहे, चार दिवस गेलात आणि सोडलंत तर गुडघे होते तिथेच येतात.

हाच धागा धरून तुमच्या पत्रातली एक गोष्ट, जी तुम्ही ओघात लिहून गेलात. आई अंथरुणावर आहे, आणि देवासचा भाऊ फोन उचलत नाही. आई दोघांची आहे. ओहायोतल्या अनोळखी माणसाशी व्हिडिओवर छान बोलायला तुम्ही शिकाल, पण भाऊ त्या पडद्यावर येणार नाही. त्याला आईचा फोटो पाठवा, खाली लिहा आज काय खाल्लं, रात्री झोप कशी लागली. निवडणुकीबद्दल एक अक्षर नको, ‘झालं गेलं विसरून जा’ हेसुद्धा नको, कारण त्यात कोण विसरायचं याचा हिशेब असतो. उत्तर नाही आलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवा. हे मी समुपदेशक म्हणून सांगते आहे, आणि थोडी वयाने मोठी बहीण म्हणूनही.

प्रश्न : मी मूळची महूची, आता विजय नगरात राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. एका ऑनलाइन संवाद-गटात जातीवर बोलायचं ठरलं म्हणून नाव दिलं. कार्यक्रमाआधी आयोजकांचा मेल आला, की माझ्या परिचयातल्या दोन ओळी काढाव्यात म्हणजे वातावरण बिघडणार नाही. मी काढल्या. प्रत्यक्षात पडद्यावर बाराच्या वर लोक आणि माझ्या समाजाची मी एकटी. प्रत्येक मुद्द्याला सगळे ‘तू सांग ना’ म्हणून माझ्याकडे वळत होते. कोणी वाईट वागलं नाही, तरी दोन दिवस डोकं जड होतं. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. जावं का?
(एक वाचक, विजय नगर, इंदूर)

उत्तर : या गटात जाऊ नकोस.

तू महूची, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मगावची आहेस, म्हणून हे तुला माहीत असेल, पण इतर वाचकांसाठी लिहिते. 1936 मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद दिलं. भाषणाचा मसुदा वाचल्यावर मंडळाला काही भाग नकोसे वाटले. बाबासाहेबांनी कळवलं की आपण स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं, तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली, तर बाबासाहेबांनी 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचा तो मजकूर जसाच्या तसा घेतला आणि त्याला आपलं उत्तर जोडलं. विरोधकाचं म्हणणं आपल्याच पुस्तकात छापणारा माणूस संवादाला घाबरत होता असं कोण म्हणेल? पण शब्द कापून येण्याच्या अटीवर ते गेले नाहीत. ज्यांना आधीच तुझ्या दोन ओळी जड झाल्या त्यांच्या बैठकीत तू किती गोड बोललीस तरी ते तुझं बोलणं असणार नाही.

दुसरा दोष संख्येचा. बारा जणांत एकीला बसवून ‘सांग’ म्हणणं ही साक्ष काढणं आहे. कोर्टातसुद्धा साक्षीदाराला पाणी विचारतात. बोस्टनचं एक उदाहरण देते. 1994 च्या डिसेंबरअखेर तिथल्या गर्भपात केंद्रांवर एकाने गोळीबार केला, दोन बायका मारल्या गेल्या. त्यानंतर गर्भपाताच्या बाजूच्या तीन आणि विरोधातल्या तीन, अशा सहा प्रमुख स्त्रिया गुपचूप भेटू लागल्या. जवळजवळ सहा वर्षं भेटल्या. 2001 मध्ये सहाजणींनी मिळून ‘बोस्टन ग्लोब’मध्ये लेख लिहिला तेव्हा लोकांना कळलं. त्यांनी लिहिलं की आमची मतं बदलली नाहीत, उलट जास्त पक्की झाली, पण एकमेकींबद्दलचा आदर वाढला. तीन आणि तीन, कोणी बघायला नाही, चालवायला दोन जाणत्या बायका. 1954 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की वेगळ्या गटांची माणसं नुसती जवळ आणून भागत नाही, त्या जागेपुरता तरी दोघांचा दर्जा सारखा असावा लागतो. तुझ्या गटात तो नव्हता, म्हणून डोकं जड झालं. तुझ्या मनाच्या कमकुवतपणाचा यात काही संबंध नाही.

पुढे कुठे नाव द्यायचं ठरलं तर तीन गोष्टी लेखी मागून घे. माझ्या बाजूचे निदान आणखी दोघं असतील, ‘या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही’ म्हणायची मुभा असेल, आणि परिचयाला कात्री लागणार नाही. मिळालं तर जा. त्या आयोजकांना खरंच कळवायचं असेल, तर काढलेल्या दोन ओळी परत जोडून तो परिचय त्यांना पाठव, सोबत काहीही लिहू नकोस.

प्रश्न : रामबागेतलं आमचं महिला मंडळ जुनं आहे. निम्म्या जणी आता मुलांकडे पुण्याला, नागपूरला, एक तर न्यू जर्सीला. आम्हाला हे सगळं आपल्या मराठीत, घरबसल्या करून बघायचंय. पण भांडण झालं तर मंडळच मोडेल, ही भीती वाटते.
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : एका वेळी सहाजणी, जास्त नकोत. उरलेल्या पुढच्या रविवारी. गूगल मीट फुकट वापरलं तर तीन किंवा जास्त माणसांना 60 मिनिटं मिळतात, झूमवर 40. मीटच घ्या. साठाव्या मिनिटाला यंत्रच बंद पाडतं, हे अशा मंडळासाठी वरदान आहे. रविवारी संध्याकाळी 7.30 ठेवलंत तर उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे 10 वाजलेले असतील.

जोड्या लावायला जर्मनीची युक्ती घ्या. 2017 मध्ये ‘त्साइट ऑनलाइन’ या वृत्तपत्राने वाचकांना मोजके हो-नाही प्रश्न विचारले आणि ज्यांची उत्तरं जास्तीत जास्त उलटी त्यांना एकेकाशी गाठ घालून दिली. बारा हजारांहून जास्त लोकांनी नावं दिली होती. तुम्ही गूगल फॉर्मवर पाच प्रश्न करा. मुलीला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिला विषय पक्ष, धर्म, आरक्षण यातला नको. बीआरटीएस, म्हणजे आय-बससाठी रस्त्याच्या मधोमध राखून ठेवलेला मार्ग, हा विषय घ्या. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर, 2013 मध्ये सुरू झालं, 2025 च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने काढायला परवानगी दिली. इंदुरात याच्यावर मत नाही असं माणूस शोधून सापडणार नाही, आणि यावरून कोणी कोणाचा हळदीकुंकवाचा मान काढून घेतल्याचं ऐकलेलं नाही. सरावाला उत्तम. ‘बरं झालं की वाईट’ असं विचारू नका. ‘आय-बसमध्ये तू शेवटची कधी बसलीस, कुठे जात होतीस’ असं विचारा. जिचा मुलगा त्या रस्त्यावर रोज गाडी घेऊन अडकायचा आणि जिची सून आय-बसने वेळेवर ऑफिसला पोहोचायची, दोघींनाही सांगायला काही असतं.

पहिल्या फेरीत प्रत्येकीला दोन मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही, माइक बंद. दुसऱ्या फेरीत प्रत्येकीने दुसरीचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि विचारायचं, ‘हेच म्हणालीस ना?’ तिने ‘नाही’ म्हटलं तर परत. इथे हशा पिकतो आणि बरीच वाफ निघून जाते. तिसऱ्या फेरीत हवं त्याने हवं ते. चॅटमध्ये लिहायचं नाही, आलेला फॉरवर्ड वाचून दाखवायचा नाही, रेकॉर्डिंग नाही, आणि बैठकीतलं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न्यायचं नाही. शेवटचा नियम मोडला तर ती पुढच्या दोन बैठका घरी. निकालाच्या दिवशी आणि भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी बैठक ठेवू नका.

घड्याळ कोणी धरायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. मंडळात जी सगळ्यात जास्त बोलते तिलाच द्या.